दंडातला ताईत

मे महिन्यातला सोमवार होता. सातच्या पाळीचे पेशंट एकेक करून काट्यावर चढत होते. सोलापूरच्या मे महिन्यात सकाळी सातलाच सदरा अंगाला चिकटतो, दुपारी पारा बेचाळिसाच्या पुढं जातो, आणि आमच्या बऱ्याच पेशंटना दिवसभरात प्यायला मिळतं ते मोजून पाऊण लिटर पाणी. त्यात शुक्रवारच्या डायलिसिसनंतर थेट सोमवार. कुणी चार किलो वाढवून येतो, कुणी पाच. डायलिसिस युनिटची आहारतज्ज्ञ म्हणून या दिवशी माझ्या वाट्याला नुसती भांडणं येतात.

काका मात्र 63 भरले. त्यांचं ड्राय वेट, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढून झाल्यावर उरायला हवं ते वजन, 61 ठरलेलं. दोनच किलो वाढ, तीही उन्हाळ्यात. सिस्टरनी दोन लिटर काढायचे म्हणून मशीनवर आकडा टाकला. "बघा मॅडम, आमच्या ह्यांचं वजन कसं एकसारखं हाय," काकू म्हणाल्या. हातात रिपोर्ट होते, तेही चांगले. रक्तात साठणाऱ्या कचऱ्याचे दोन्ही आकडे कमी: डायलिसिसच्या आधीचा युरिया उतरलेला, क्रिएटिनिन साडेनवावरून साडेसहावर आलेलं. घरी पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. मागच्या महिन्यात मीच त्यांना सगळ्यांसमोर शाब्बासकी दिली होती, हे आधीच सांगून टाकते.

काका चादरीच्या कारखान्यात तीस वर्षं मागावर उभे राहिलेले. काकू विड्या वळतात. घरात तेलुगू, बाहेर मराठी. डायलिसिस महात्मा फुले योजनेतून होत असल्यामुळे मशीनचा खर्च नाही, पण रिक्षा, औषधं आणि बुडालेला रोजगार कुठल्याच योजनेत बसत नाही.

"पण रात्री आडवं झालं की दम लागतो मॅडम," काका हळूच म्हणाले. "भिंतीला टेकून बसूनच झोपलालो."

वजन बरोबर, वाढ कमी, आणि तरी दम? बीपी 180. फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी जोडून केलेली रक्तवाहिनी, डाव्या हाताला, म्हणून सिस्टर उजव्या दंडाला बीपीचा पट्टा बांधत होत्या. पट्टा नेहमीपेक्षा जास्त गुंडाळला गेला. तो नीट बसावा म्हणून त्यांनी काकांच्या दंडातला काळ्या दोऱ्याचा ताईत जरा खाली केला, तर तो सरकत थेट कोपरापाशी येऊन लोंबायला लागला. दंडावर जिथं तो वर्षानुवर्षं रुतून बसलेला, तिथं गोल वळ तेवढा उरला होता.

मी टेप आणला. फाइलमध्ये सात महिन्यांपूर्वीचं, डायलिसिस सुरू झालं तेव्हाचं दंडाचं माप होतं: 27 सेंटिमीटर. आता 23. कानशिलं बसलेली, गळ्याखालची हाडं वर आलेली. आणि पायाच्या नडगीवर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला.

मग उलगडा झाला. काकांचं मांस झडत होतं आणि त्याच्या जागी पाणी भरत होतं. किलोला किलो, म्हणून काटा जागचा हलत नव्हता. ज्या 61 ला आम्ही त्यांना दर वेळी मशीनवरून उठवत होतो, त्यात तीन-चार किलो पाणीच होतं. तेच रात्री आडवं झाल्यावर छातीत चढायचं. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंतून. स्नायू कमी, तर तेही कमी. युरिया उतरला, कारण पोटात प्रथिनंच जात नव्हती. ज्या तीन आकड्यांवर आम्ही खूश होतो, ते तिन्ही आकडे माणूस खंगतोय हेच सांगत होते.

"जेवतात काय?" मी काकूंना विचारलं.

"तुम्ही दिलेलं पथ्यच की. एक दिवस चुकवलं नाही." त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. ओट्यावरच्या भिंतीवर, चमच्यांच्या स्टँडशेजारी, मुलानं लॅमिनेशन करून लावलेला कागद. डाळ अर्धी वाटी, तीही पातळ. अंडी, मटण बंद. शेंगाची चटणी बंद.

अक्षर माझं होतं.

दोन वर्षांपूर्वी ओपीडीत लिहून दिलेला कागद. तेव्हा डायलिसिस नव्हतं, वजन 66 होतं. किडनीवरचा भार कमी करायचा म्हणून किलोमागे 0.6 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे दिवसाला 40 ग्रॅमच्या आसपास. तेव्हा ते बरोबरच होतं. पण डायलिसिस सुरू झालं की हिशेब उलटा होतो. प्रत्येक वेळी मशीनमधून प्रथिनांचे घटकही थोडे वाहून जातात, आणि मग किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम लागतात. हे मी काकांना सांगितलं नव्हतं असं नाही. मशीनवर असताना, मळमळत असताना, पलंगाच्या कडेला उभं राहून सांगितलं होतं, "आता प्रोटीन वाढवा." प्रोटीन म्हणजे त्यांना मेडिकलमधला महागडा डबा वाटला. तो परवडण्यासारखा नव्हता, म्हणून विषय तिथंच संपला. भिंतीवरचा कागद मात्र इमानेइतबारे पाळला गेला, आणि काकूंनी पातळ डाळीतलीही डाळ खाली ठेवून वरचं पाणीच वाढलं.

त्या दिवशी स्टूल ओढून बसले आणि वाट्या-चमच्यांत हिशेब केला. चार अंड्यांतला पांढरा भाग रोज, म्हणजे चौदा ग्रॅम प्रथिनं आणि फॉस्फरस नगण्य. डाळ घट्ट. रविवारी मटण, पण रस्सा नाही. मीठ आणि पोटॅशियम दोन्ही रश्श्यात उतरतं. जेवणातला फॉस्फरस पोटातच बांधून ठेवणारी गोळी जेवता-जेवता घ्यायची, जेवण झाल्यावर तासाभरानं नाही.

"अन् पिवळं कुणी खायाचं?"

"तुम्ही," मी म्हणाले. काकू लाजल्या. त्यांचीही नखं पांढरीफटक होती.

मीठ हा खरा तंट्याचा मुद्दा. पाणी कमी प्या म्हणून सांगणं सोपं, पण तहान लावतं मीठ. सलाईनची एक लिटरची बाटली काकांसमोर धरली. यात 9 ग्रॅम मीठ असतं. तेवढं मीठ पोटात गेलं की शरीर लिटरभर पाणी मागून घेतं आणि धरून ठेवतं. काकांनी बाटली उलटसुलट करून पाहिली. मग काकूंनी पिशवीतून 'बीपीवाल्यांसाठीचं' लो सोडियम मीठ काढून दाखवलं; शेजारणीनं दिलेलं, अजून फोडलं नव्हतं. माझ्या पोटात गोळाच आला. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि किडनीच्या पेशंटचं हृदय त्यानं बंद पडू शकतं. पुडा मी ठेवून घेतला.

ड्राय वेट उतरवायचं डॉक्टरांनी ठरवलं, दर वेळी अर्धा किलो. पहिल्या दोन खेपांना काकांच्या पायात गोळे आले, सोसवेना. तीन आठवड्यांनी 57.5 वर आले आणि उशी घेऊन आडवे झोपायला लागले. बीपीची एक गोळी कमी झाली. काकू मात्र हवालदिल. "साडेतीन किलो उतरलं की ओ मॅडम! तुम्ही तर खायला वाढवलं होतं." उतरलं ते पाणी होतं, हे पटवायला मला काटा नाही, टेप कामी आला. दिवाळीपर्यंत दंड 25 वर गेला. मग डॉक्टरांनी ड्राय वेट पुन्हा वर, 59 केलं. शेंगाची चटणी बिनमिठाची, अर्धा चहाचा चमचा, पोटॅशियमचा रिपोर्ट नीट असेल तेव्हाच. काका म्हणतात, बिनमिठाची चटणी म्हणजे चटणीचा फोटो.

पथ्याचा कागद मी आता दर महिन्याला नवा देते. वर तारीख, खाली 'पुढच्या रिपोर्टपर्यंतच'. पहिला दिला तेव्हा काकूंना बजावलं होतं, याला लॅमिनेशन करायचं नाही.

"मग ओट्यावर कसा टिकायचा ओ? फोडणीचं तेल उडतंय."

"उडू द्या," म्हटलं.