आजीला सुंदरबन सांगताना

काल रात्री सुंदरबनहून सोलापुरात परतले. आज दिवसभर आजीला तेच सांगत होते. भारत आणि बांगलादेश मिळून जवळपास १०,००० चौरस किलोमीटरचं खारफुटीचं जंगल. चिखलात हवा नसते, म्हणून झाडांची मुळंच श्वास घ्यायला भाल्यांसारखी वर येतात! वाघ दिसला नाही, पण ओहोटीच्या ओल्या चिखलात त्याचे ताजे ठसे पाहिले. अंगावर काटा आला. तो खाड्या पोहून पार करतो.

भरती दिवसातून दोनदा येते म्हटल्यावर आजी थबकली. "आणि वाघ पितो काय? खारंच पाणी?"

जनावरांसाठी वनखातं गोड्या पाण्याची तळी खोदतं, असं सांगितलं.

"बरं झालं बाई," म्हणाली आणि गच्चीवर चिमण्यांचं भांडं भरायला गेली.