तुम्ही विचारलंत म्हणून: दर वेळी समोरच्यांबद्दलच का लिहिते

"आपल्या पोरांबद्दल चार चांगले शब्द लिही की. दर वेळी समोरच्यांचंच काय?"

हा प्रश्न मला अंधेरीच्या स्टँडमध्ये विचारला गेलाय, आझादनगर मेट्रोच्या जिन्यावर विचारला गेलाय आणि एकदा मावसभावाच्या साखरपुड्यात, जेवणाच्या पंगतीतही. विचारणारे सगळे आपलेच, मुंबई सिटी या फुटबॉल संघाचे चाहते. सामन्याच्या आदल्या रात्री मी समोरच्या संघावर दोन पानांचं टिपण लिहून आपल्या स्टँडमधल्या मंडळींना पाठवते, हे तुम्हाला माहीत आहे. ते का, हे आजवर धड सांगितलं नाही. आता सांगते.

आपला संघ तुम्हाला माझ्याइतकाच पाठ आहे. छांगटे उजवीकडून आत कधी शिरतो, बिपिन आपल्याकडे होता तेव्हा डावीकडे कुठे थांबायचा, हे मी तुम्हाला काय सांगणार? समोरचा संघ मात्र तुम्ही नव्वद मिनिटं बघता, तेही त्यांच्या पायात चेंडू आला की दात-ओठ खात. त्यांचे मागचे पाच सामने मी प्रत्येकी दोनदा बघते. एकदा चेंडूकडे बघून आणि एकदा चेंडू सोडून. दुसऱ्या खेपेलाच खरं काय ते दिसतं: चेंडू हरवला की त्यांचा विंग-बॅक, म्हणजे कडेने वर चढणारा बचावपटू, परत धावतो की हात वर करून उभा राहतो, गोलरक्षकावर कुणी धावून आलं की तो कोणत्या बाजूला लाथाडतो, साठाव्या मिनिटानंतर राखीव खेळाडूंच्या बाकावरून कोण उठतं. हे कौतुक नाही. ज्याची भीती वाटते त्याच्याकडे मान वर करून बघणं आहे.

असं मी ठणकावून सांगते खरं. पण कौतुक अजिबात नसतं, असं म्हटलं तर ते खोटं होईल. आणि त्याच खोट्यापायी ७ मार्च २०२३ची रात्र माझ्या डोक्यातून जात नाही.

तो मोसम आठवा. इंडियन सुपर लीगच्या साखळीत २० सामन्यांत ५४ गोल, ४६ गुण, सलग १८ सामने हार नाही. ११ फेब्रुवारीला फातोर्ड्यात गोव्याला ५-३ हरवून आपण शील्ड, म्हणजे साखळीत अव्वल येण्याचा मान, नक्की केली. चारच दिवसांनी बंगळुरूशी त्यांच्या मैदानावर, कंठीरव्यावर, सामना होता. मी टिपणात लिहिलं की हा संघ आता नोव्हेंबरातला राहिलेला नाही, ज्याला आपण अंधेरीत ४-० लोळवलं होतं. त्यांचे प्रशिक्षक सायमन ग्रेसन यांनी मागे तिघं उभे केलेत, दोन्ही विंग-बॅक वर चढतात, आणि सप्टेंबरात ड्युरंड चषकाच्या अंतिम सामन्यात यांनीच आपल्याला हरवलं होतं हे विसरू नका. आपली अपराजित घोडदौड इथे थांबू शकते, असं शेवटचं वाक्य होतं.

ती थांबली. २-१. सुनील छेत्रीचा एक गोल, हावी एर्नांडेसचा एक.

त्यानंतर तुमच्यातल्या काहींनी मला काय काय म्हटलं ते इथे पुन्हा लिहीत नाही. 'पनवती' हा त्यातला सौम्य शब्द होता. पुढे १९ फेब्रुवारीला ईस्ट बंगालकडूनही ०-१ हरलो, तेव्हा एकाने सरळ विचारलं, "तू नक्की कुठल्या बाजूची?" मी हसून सोडून दिलं असं दाखवलं. सोडलं नव्हतं.

साखळीनंतर चषकासाठी बाद फेरी होती; तिथे दोन सामन्यांच्या उपांत्य फेरीत पुन्हा बंगळुरू समोर आले. साखळीतले शेवटचे आठही सामने जिंकून आलेले. त्यात ३ मार्चला बाद फेरीत केरळविरुद्ध जे घडलं त्याने देशभर गदारोळ झालेला: जादा वेळेत फ्री किक मिळाली, केरळचा गोलरक्षक भिंत लावत होता, छेत्रीने वाट न बघता चेंडू जाळ्यात टाकला, रेफरीने गोल दिला आणि केरळचा संघ मैदान सोडून निघून गेला. पुढचे चार दिवस कुणी दुसरं काही बोलत नव्हतं.

६ मार्चला होळी. घरी पुरणपोळ्या झाल्या, खाली चौकात होळी पेटली आणि मी वर बसून टिपण लिहीत होते. पहिलं सगळं पान त्या फ्री किकवर गेलं. फ्री किक मिळताच आपल्यातल्या एकाने आधी चेंडूसमोर उभं राहावं, भिंतीचं मग बघावं, वगैरे. मग विश्रांतीचा हिशोब: त्यांना चार दिवस मिळालेत, आपल्याला १९ फेब्रुवारीपासून सोळा. ते दमलेले, आपण ताजे. आणि त्यानंतर तीन वाक्यं होती. ती मला अजून शब्दशः आठवतात.

"यांचा कॉर्नर हलका घेऊ नका. रोशन सिंग आदल्या मोसमात सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडू ठरला तो मुख्यतः अशाच चेंडूंवर. आणि छेत्री आता सुरुवातीला बाकावर असतो म्हणून निर्धास्त राहू नका, कारण तो येतो तेव्हा आपले सेंटर-बॅक दमलेले असतात."

पाठवण्याआधी मी पुन्हा वाचलं. हे वाचून कोण काय म्हणेल ते मला ऐकू येत होतं. "झालं, छेत्रीचं पुराण सुरू." आणि त्यात थोडं तथ्य होतं, हे मला ठाऊक होतं. जून २०१८मध्ये याच अंधेरीच्या मैदानावर इंटरकॉन्टिनेंटल चषकातल्या भारताच्या पहिल्या सामन्याला अडीच हजारांच्या आसपास माणसं होती, तेव्हा कर्णधार छेत्रीने हात जोडून लोकांना बोलावलं होतं: शिव्या द्या, पण या. ४ जूनला केनियाविरुद्ध, त्याच्या शंभराव्या सामन्याला, मैदान भरलं. धो धो पाऊस पडत होता. त्याने दोन गोल केले आणि मी घसा बसेपर्यंत त्याचं नाव ओरडत होते. ती मुलगी २०२३मध्येही माझ्यात होती. तिच्यावर माझा विश्वास नव्हता. मला वाटलं, ही तीन वाक्यं अभ्यासातून आलेली नाहीत, त्या पावसातून आलीत. मी ती खोडली. त्यांच्या जागी लिहिलं, "उद्या आपण निवांत बसायला हरकत नाही."

दुसऱ्या दिवशी धुळवड. स्टँडमध्ये निम्म्या लोकांच्या कानामागे गुलाल तसाच होता. माझ्या शेजारच्या खुर्चीवर जे काका बसतात, बेस्टमधून निवृत्त झालेले, ते त्या दिवशी नातवाला घेऊन आले होते. एरवी ते पहिल्या शिटीपासून पुढे वाकून बसतात. त्या दिवशी टेकून बसले. म्हणाले, "तुझं वाचलं. म्हटलं आज पोराला आणायला हरकत नाही, जीव टांगणीला लागणार नाही."

पूर्वार्धात गोल नाही. उत्तरार्धात छेत्री बाकावरून उठून आला. मी काही बोलले नाही. ७८व्या मिनिटाला कॉर्नर. रोशन चेंडूपाशी गेला तेव्हा मला माझी खोडलेली ओळ दिसत होती, फळ्यावर लिहिलेली असावी तशी. हेडर छेत्रीचं. ०-१.

मैदान गप्प झालं. फक्त कोपऱ्यातले बंगळुरूचे थोडे लोक ओरडत होते. काका हळूच माझ्याकडे वळले. चिडले नव्हते. म्हणाले, "पोरी, हे तू लिहिलं नव्हतंस."

आता तुम्ही म्हणाल, लिहिलं असतं तर काय झालं असतं? काहीच नाही. आपले तेव्हाचे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम माझी टिपणं वाचत नव्हते. त्यांच्याकडे पगारी विश्लेषक होते, कॉर्नरचे व्हिडिओ होते, आणि तरीही गोल झाला. हे मी स्वतःला शंभरदा सांगितलंय. पण काकांनी मला निकाल विचारलाच नव्हता. त्यांनी माझ्या भरवशावर एक संध्याकाळ टेकून काढायचं ठरवलं होतं, आणि मला ठाऊक असलेली गोष्ट मी त्यांच्यापासून लपवली होती. तुम्हाला खूश करायला. हे मी रागाने लिहीत नाही. खोडायला कुणी माझा हात धरला नव्हता.

परतीचा सामना १२ मार्चला होता. त्यासाठी मी टिपणात कॉर्नरवरच अख्खं पान लिहिलं. झालं काय? आपण कंठीरव्यावर २-१ जिंकलो, एकूण २-२ झाले, शूटआउट आलं. दोन्हीकडून आठ-आठ पेनल्टी आत. नववी मेहताब सिंगची, ज्याने त्याच सामन्यात आपला दुसरा गोल केला होता. त्यांचा गोलरक्षक गुरप्रीतने ती अडवली, मग त्यांच्याच झिंगनने मारली आणि ९-८. नवव्या पेनल्टीबद्दल कुठल्या टिपणात काय लिहायचं असतं?

म्हणूनच कधी कधी मला तुमचंच पटतं. २०२४चं बघा. १५ एप्रिलला कोलकात्यात सॉल्ट लेकवर मोहन बागानविरुद्ध नुसती बरोबरी पुरली असती, आपण २-१ हरलो आणि शील्ड एका गुणाने गेली. एकोणीस दिवसांनी, ४ मेला, तेच मैदान, तोच संघ, पुन्हा आधी गोल त्यांचाच, या वेळी कमिंग्जचा, आणि आपण ३-१ जिंकून चषक आणला. दोन्ही वेळचं माझं टिपण जवळपास सारखंच होतं. मग ते एप्रिलमध्ये चुकीचं होतं आणि मेमध्ये बरोबर, असं म्हणायचं का? मला तसं म्हणता येत नाही, आणि उलटही म्हणता येत नाही.

आणि तुम्हाला समोरच्यांबद्दल वाचायचं नसतं, हेही खरं नाही. २०२३च्या ऑगस्टमध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात सौदीचा अल हिलाल संघ आला तेव्हा तुम्ही दिवसाला दहा वेळा मला विचारत होतात, "नेमार येतोय ना?" ऑक्टोबरमध्ये ब्राझीलकडून खेळताना त्याचा गुडघा गेला आणि विचारणं बंद झालं. रियाधमध्ये आपण ०-६ हरलो तेव्हा तो नव्हता. नेरुळच्या डी. वाय. पाटीलवर ०-२ हरलो तेव्हाही नव्हता. मित्रोविच होता, नेवेस होता, आणि दोन्ही टिपणं त्यांच्यावरच होती. ती किती जणांनी वाचली ते मला माहीत आहे.

तर हे असं आहे. ७ मार्चनंतर मी प्रत्येक टिपण समोरच्यांच्या बाकापासून सुरू करते. अकरा जणांचं नंतर. एकही वाक्य तुमच्यासाठी खोडत नाही. 'निवांत' हा शब्द वापरत नाही. हे शहाणपण आहे की भीती, ते मला कळत नाही. २०१८च्या पावसातल्या मुलीवर विश्वास ठेवायला हवा होता, असंही छातीठोकपणे म्हणवत नाही, कारण तिच्या सांगण्यावरून लिहिलेली दुसरी चार वाक्यं साफ चुकलीही असती.

काकांचा नातू आता मोठा झालाय, एकटा येतो. मागच्या वेळी त्याने मला थांबवून विचारलं, "ताई, त्यांच्या बाकावर कोण कोण आहे?" मी नावं सांगायला लागले. काका पलीकडून म्हणाले, "तिला विचारू नकोस, रात्री झोप लागत नाही." तरी तो ऐकत उभा राहिला. सातवं नाव सांगेपर्यंत संघ मैदानात आले होते.