राधानगरी, फेरी तिसरी: सहा नंबर पुन्हा हुकला

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी धरणाचा सहा नंबरचा स्वयंचलित दरवाजा पहाटे पावणेचारला उघडला, आणि मी तेव्हा धरणाजवळच्या फेजिवडे गावात गाडीत पेंगत होतो. आवाजाने जागा झालो, पळत गेलो, तर पांढरा लोट केव्हाचा पडायला लागलेला. वीज नाही, मोटर नाही, कुणी कळ दाबत नाही, पातळी ३४७.५० फुटांवर गेली की पाण्याच्या जोरानेच दरवाजा उघडतो. शाहू महाराजांच्या या धरणाचा तो क्षण डोळ्यांनी बघायचाय.

चूक माझ्या गणितातच आहे. तासाला पातळी किती चढते ते काढायचं आणि तोच वेग पुढे धरायचा, हा मागच्या वेळी मांडलेला हिशेब. त्याप्रमाणे दरवाजा सकाळी नऊला उघडायला हवा होता. पण रात्री धरणाच्या वरच्या अंगाला, दाजीपूरच्या जंगलाकडे पाऊस कोसळला, आणि रानातलं पाणी तलावात उतरेपर्यंत पातळीवरून काही कळत नाही. दाजीपूरचा पाऊस धरावा, तर रोजचा आकडा हाती येतो सकाळी. मला हवा रात्रीचा, तासातासाचा. घोडं तिथेच अडलंय.

सव्वासातला पाच नंबरही उघडला. समोर दाट धुकं, दिसलं काहीच नाही, आवाज मात्र एकदम जाड झाला. एका दरवाजाचे १४२८ क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट पाणी) म्हणजे काय, ते तेव्हा कळलं: रस्त्यावरून काठाजवळचा म्हशीएवढा काळा खडक तेवढा दिसत होता, तो अकरा मिनिटांत बुडाला. वेळा वहीत आहेत. पेन्सिलच न्या, बॉलपेन ओल्या कागदावर चालत नाही. नवा महागडा रेनकोट खांद्याच्या शिवणीतून गळला; पुढच्या वेळी सरळ इरलं.

इथून कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर जाऊन पाणी किती वेळात पोचतं ते मोजणार होतो. पण हे लिहिता लिहिताच सुचलं: उघडण्याच्या मागे कशाला लागायचं? पातळी उतरली की दरवाजा आपला आपणच मिटतो. पावसाने तलाव चढतो झपाट्याने, उतरतो सावकाश, म्हणजे मिटण्याची वेळ माझ्या जुन्या गणितानेही सापडायला हवी, आणि दिवसाउजेडी सापडण्याचीही आशा जास्त. बंधारा नंतर. अजून दोन दरवाजे उघडे आहेत. पाऊस थांबला की त्याच दिवशी निघतोय. गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत.