तोफा, गुलाब आणि आई

अमेरिकेतल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत, कान तुटलेल्या कपांच्या आणि पितळी दिव्यांच्या गर्दीत, कधीतरी एक झालरीचा चकचकीत अभ्रा हाती लागतो. रंग भडक. वर लष्करी छावणीचं नाव: कॅम्प ब्लँडिंग, फोर्ट बेनिंग, कॅम्प शेल्बी. एका कोपऱ्यात तोफ, दुसऱ्यात विमान आणि मधोमध गुलाबांच्या महिरपीत आईसाठी कविता. प्रेयसीसाठीही असते, पण ती जरा जास्तच गोड. दुसऱ्या महायुद्धात सक्तीच्या भरतीने आलेली पोरं असले अभ्रे घेऊन घरी धाडत. आपल्याकडे 'गुड नाइट' भरलेले अभ्रे असायचे, त्यांचाच हा गणवेशातला चुलतभाऊ.

कविता यथातथाच. शिवाय छावणी बदलली तरी बऱ्याचदा कविता तीच, फक्त नाव वेगळं छापलेलं. मला त्यात वावगं वाटत नाही. विशीतल्या पोराला 'आई, तुझी आठवण येते' हे स्वतःच्या अक्षरात लिहिणं जडच जातं. छापील मिळालं की सुटला बिचारा! 1942 मध्ये साध्या शिपायाचा पगार महिना 50 डॉलर झाला आणि सैनिकांची पत्रं बिनतिकिटाची जाऊ लागली. पार्सलला मात्र पैसे पडत. तरी पोरं पाठवायची.

दुकानदार याला बिनदिक्कत रेशीम म्हणतात. पण 1941 च्या उन्हाळ्यात जपानशी व्यापार तुटला, अमेरिकेत येणारं रेशीम आटलं आणि उरलंसुरलं सैन्याच्या कामी लागलं. त्यामुळे युद्धकाळातला अभ्रा बहुधा रेयॉनचा. त्यावर डोकं टेकून कोण झोपणार? गाल घासून निघायचा. रंग अजून टिकलेत ते म्हणूनच, पेटीत घडी घालून ठेवल्यामुळे.

गंमत म्हणजे छावणीतली खरी छावणी त्यावर कुठेच नसते. चिखल नाही, पहाटेचा बिगुल नाही, भांडी घासण्याची पाळी नाही. सहलीला गेलेल्या मुलाने आठवण म्हणून काहीतरी आणावं, तसा सगळा थाट. आईलाही तेच हवं असणार. पुढे कुठे जायचंय, हे दोघांनाही ठाऊक होतं.

कॅम्प शेल्बीचा अभ्रा पाहिला की मात्र मी अडखळतो. मिसिसिपीतल्या याच छावणीत 1943 मध्ये जपानी वंशाच्या अमेरिकन तरुणांची 442वी रेजिमेंटल कॉम्बॅट टीम ही पलटण तयार होत होती. त्यांतल्या अनेकांचे आईवडील तेव्हा, जपानशी युद्ध पेटल्यामुळे, केवळ वंशावरून सरकारनेच काटेरी तारांमागे ठेवले होते. काही तर शेजारच्याच आर्कान्सा राज्यात, रोहवर आणि जेरोमच्या नजरकैदेच्या छावण्यांत. यांतल्या एखाद्याने आईला असा अभ्रा पाठवला असेल का? पाठवला असेल, तर पार्सल एका छावणीतून दुसऱ्या छावणीत गेलं असणार. कविता छापणाऱ्याच्या डोक्यात हा पत्ता नक्कीच नव्हता.