तुम्ही विचारलंत म्हणून: पाळकसाहेब, आपला पक्ष का नाही?

लग्नाच्या मांडवात, एसटीत, आणि निवडणूक लागली की रोजच: "पाळकसाहेब, आपला स्वतःचा पक्ष का काढत नाही?" सोबत मोबाईलवर केनेथ मेशो. "ते पाळकच ना? त्यांना जमलं."

जमलं. डिसेंबर १९९३मध्ये या सुवार्तावादी पाळकांनी दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकन ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पार्टी काढली आणि एप्रिल १९९४ला दोन खासदार निवडून आणले. मतं ०.४५ टक्के. १९९९मध्ये सहा खासदार. पण तिथे ४०० जागा मतांच्या प्रमाणात वाटतात. आपल्याकडे एका मताने मागे राहिलात तरी घरी. शिवाय इथे धर्माच्या नावावर मत मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३)खाली भ्रष्ट आचार आहे, आणि २०१७पासून सुप्रीम कोर्टाने मतदाराचा धर्मही त्यात धरलाय.

ही उत्तरं खोटी नाहीत. पण खरं कारण वेंगुर्ल्यातल्या एका पडवीत घडलं.

मी अपक्ष उभा होतो ते कब्रस्तानाच्या वाटेसाठी, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पावसात शवपेटी खांद्यावर घेऊन गुडघाभर चिखलातून जाणाऱ्यांत मीही असायचो. अर्ज देऊन थकलो होतो. मतदानाआधीच्या बुधवारी एका मावशींकडे प्रार्थना होती. त्यांचे यजमान आत खाटेवर, शेवटचेच दिवस. गीत झालं, वचन वाचलं. मग मी बायबलात घडी घालून ठेवलेली मतदारयादी काढली आणि म्हटलं, "कोण कोण माझ्यासोबत, हात वर करा." हात वर आले. मी पेन्सिलीने खुणा करत गेलो. मावशींचा हात मांडीवरच राहिला. त्यांचा मुलगा दुसऱ्या उमेदवाराच्या प्रचाराची रिक्षा चालवत होता. मी त्यांच्या नावापाशी थांबलो आणि पुन्हा विचारलं. सगळ्यांसमोर.

त्या हळूच म्हणाल्या, "पाळकानू, तुमी प्रार्थना करूक इलास की माणसां मोजूक?"

आजाऱ्यासाठी प्रार्थना राहूनच गेली. आतून खोकला ऐकू येत होता आणि मी उठलो, कारण पुढच्या घरी जायचं होतं. तीन आठवड्यांनी ते गेले. मातीला दुसऱ्या गावचे पाळक बोलावले. मी शेवटच्या रांगेत उभा होतो. पुढे माफी मागितली, तर मावशी "बरां" एवढंच म्हणाल्या. उपासनेला येतात, घरी बोलवत नाहीत.

१९९६मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या नव्या राज्यघटनेविरुद्ध दोनच मतं पडली, ती मेशो यांच्या पक्षाची. त्यांची मतं मला सगळी पटत नाहीत, पण एकट्याने उभं राहायला काय लागतं ते मला कळतं. मात्र त्यांच्या मंडळीत हात वर न करणारी एखादी मावशी होती का, आणि तिचं पुढे काय झालं, हे तुमच्या व्हिडिओत नसतं. मला तेवढंच जाणून घ्यायचं असतं.

आणि तरी, तेव्हाचा मी आजच्या मला सोडत नाही. तो विचारतो, तुझी लाज मोठी की पेटी उचलणाऱ्यांचे हाल? तू गप्प बसलास, मग वाट कोणी केली?

कोणीच नाही. मागच्या आषाढात पुन्हा एक पेटी नेली. पुढे खांद्याला मावशींचा मुलगा होता. त्याचा पाय रुतला, चप्पल चिखलातच राहिली आणि तो तसाच अनवाणी चालत राहिला. त्या दिवशी मला पुन्हा फॉर्म भरावासा वाटला होता, हेही सांगून टाकतो.