मरीन टँकसाठी खारं पाणी घरी बनवणं आणि साठवणं, माझा अनुभव

मरीन टँकचं, म्हणजे समुद्री माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टँकचं, पाणी बदलायला मला जेमतेम अर्धा तास लागतो, खरं काम त्याच्या आधीचं आहे, ते पाणी बनवून ठेवायचं. ठाण्याला फ्लॅटमध्ये माझा २०० लिटरचा टँक आहे, क्लाऊनफिशची जोडी, एक गोबी मासा, थोडे सॉफ्ट कोरल (मऊ प्रवाळ), आणि आठवड्याला साधारण २० लिटर पाणी बदलते. नवीन लोक लाइट आणि माशांवर महिनोन् महिने विचार करतात आणि पाण्याचं मात्र बघू नंतर म्हणतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आई म्हणाली होती, अगं समुद्र एवढा जवळ असताना मीठ कसलं विकत आणतेस? प्रश्न रास्तच आहे. अरबी समुद्रात आत खोलवर खारटपणा ३६ पीपीटीच्या आसपास असतो, म्हणजे किलोमागे ३६ ग्रॅम क्षार, टँकला लागतं जवळजवळ तेवढंच. पण आपल्या हाताला लागतं ते काठाचं पाणी, त्यात गाळ आला, सांडपाणी आलं, आणि पावसाळ्यात खाड्यांचं गोडं पाणी मिसळून खारटपणा खाली येतो तो वेगळाच. त्यामुळे सॉल्ट मिक्सच, म्हणजे समुद्राचं पाणी बनवायचं तयार मीठ. आणि हे मिक्स म्हणजे स्वयंपाकघरातलं मीठ नव्हे, त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट हे सगळं समुद्रात असतं त्या हिशोबाने घातलेलं असतं.

आधी गोडं पाणी. घरच्या प्युरिफायरचं पाणी चालेल का असं सगळेच विचारतात. बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळायची सोय असते किंवा मिनरलचं कार्ट्रिज असतं, त्यामुळे ते पाणी प्यायला छान पण टँकला नको. मी बाल्कनीत वेगळा सेट लावलाय, सेडिमेंट फिल्टर, कार्बन, आरओ मेम्ब्रेन (क्षार अडवणारा पडदा) आणि शेवटी डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार धरणारे दाणे). क्लोरीन मेम्ब्रेनला खातं म्हणून कार्बन वेळेवर बदलायचा. बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा आकडा) ० हवा, आकडा हलायला लागला की रेझिन संपलं समजायचं, कारण मग सिलिकेट फॉस्फेट टँकमध्ये जातात आणि काचेवर, वाळूवर तपकिरी थर धरायला लागतो. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर रिजेक्ट जातं, ते मी पिंपात धरते आणि लादी पुसायला, बाथरूम धुवायला वापरते, सोसायटीत पाणी ठरावीक वेळेलाच येत असताना ते वाहून जाताना बघवत नाही.

ड्रम ६० लिटरचा, फूड ग्रेड. भंगारवाल्याकडे निळे ड्रम स्वस्त मिळतात पण आत आधी काय होतं ते कोण सांगणार, त्यामुळे मी नवीनच घेतला. मोजून दहा-दहा लिटर ओतत बाहेरून मार्करने खुणा केल्यात, याचा फायदा रोज होतो. पितळी नळ किंवा तांब्याचं काही पाण्याला लागू द्यायचं नाही, तांबं कोरलना आणि कोळंबीला विषासारखं आहे.

आता मिसळणं. आधी पाणी, मग मीठ, उलटं कधीच नाही. मिठावर पाणी ओतलं की सुरुवातीला द्रावण इतकं घट्ट असतं की कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून खाली बसतात आणि ते पांढरं पुन्हा विरघळत नाही. ड्रममध्ये छोटा पॉवरहेड (पाणी ढवळणारा, आत बुडवायचा पंप) सोडते आणि मीठ वजन करून हळूहळू घालते. माझ्या मिक्सला लिटरमागे साधारण ३८ ग्रॅम लागतं, म्हणजे ५० लिटरला १ किलो ९०० ग्रॅम, पण मी दीड किलोला थांबते, विरघळू देते, मोजते आणि मग उरलेलं घालते, कारण वाढवणं सोपं असतं. किती वेळ ढवळायचं ते डब्यावर वाचा, काही मिक्सवर चार तासांपेक्षा जास्त नको असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यात प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा दाखवणारं साधन), आकडा हवा ३५ पीपीटी, म्हणजे २५ डिग्रीला विशिष्ट गुरुत्व १.०२६. काट्याचा हायड्रोमीटर पाण्याच्या घनतेवरून खारटपणा दाखवतो, पण त्याला बुडबुडे चिकटले की तो जास्त दाखवतो. आणि रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्याला लावून भागत नाही, ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन फ्लुइड (आकडा जुळवून घ्यायचं तयार द्रावण) मिळतं ते घ्या, कारण आपल्याला वाचायचंय तिथे अचूक हवंय, शून्याला नाही.

पावसाळ्यात मिठाकडे जास्त लक्ष लागतं. इथल्या हवेत मिक्स ओल धरतं, गाठी होतात, वजनाचा हिशोब चुकतो कारण तुम्ही पाणीसुद्धा तोलत असता, आणि आतल्या आत क्षारांची रिअॅक्शन होऊन अल्कलिनिटी (पाण्यातलं बायकार्बोनेट-कार्बोनेटचं प्रमाण) कमी येते. मी पिशवी उघडली की लगेच रबरी गॅस्केटच्या झाकणाच्या डब्यात ओतते आणि वापरायच्या आधी डबा आडवा करून लोळवते, म्हणजे तळाशी बसलेलं बारीक वर येतं.

साठवताना माझं ठरलेलं आहे, शुद्ध गोडं पाणी कितीही दिवस, खारं पाणी दोन-तीन आठवडे. झाकण घट्ट, ऊन नको, आणि ड्रमवर मोठ्या अक्षरात गोडं की खारं ते लिहिलेलं, कारण टँकमधलं उडून गेलेलं पाणी भरायला गोडंच लागतं, क्षार तर आतच राहिलेले असतात. वापरायच्या आदल्या रात्री पॉवरहेड पुन्हा चालू करते, सकाळी खारटपणा आणि तापमान टँकशी जुळवते. एप्रिल-मेमध्ये बाल्कनीतला ड्रम फार तापतो, तेव्हा तो एसीच्या खोलीत आणून ठेवावा लागतो, भरला की साठ किलोच्या वर जातो म्हणून खाली चाकाची ट्रॉली घेतलीय.

आणि २० लिटर तरी खारं पाणी कायम शिल्लक ठेवा हो. मध्यरात्री एखादा मासा दगडामागे मेलेला सापडला आणि तो कुजून पाण्यात विषारी अमोनिया चढला की त्या वेळी आरओ चालू करून, मीठ मिसळून, तास मोजत बसायला वेळच नसतो, ड्रममधलं पाणी लगेच बदलता येतं.