सोनं पिवळं नसतंच मुळी

भाचा चौथीत आहे, म्हणजे वर्षभर शिवाजी महाराज. प्रोजेक्टच्या चार्टवर मधोमध 1674 च्या राज्याभिषेकाचा शिवराई होन, म्हणजे महाराजांचं सोन्याचं नाणं, हवा हे साहेबांनी ठरवलं आणि रंगवायला अर्थातच मावशी. मला वाटलं त्यात काय, एक गोल, कडेनं ठिपके, मध्ये तीन ओळीत 'श्री राजा शिव' आणि वरून पिवळा फासायचा, दहा मिनिटांचं काम. झाला बुंदीचा लाडू. मग सोनेरी जेल पेन फिरवलं, कागद तिरका धरला की चमकायचं, पण मोबाईलमध्ये फोटो काढला तर नुसता शेवाळी डाग!

शेवटी आईची पुतळ्यांची माळ मागून घेतली (पुतळी मूळची व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावरून आलेली बरं का, त्यावरच्या माणसांच्या आकृत्या म्हणून पुतळी) आणि टेबललॅम्पखाली ठेवून बघत बसले. पिवळा जेमतेम मधे कुठेतरी. बाकी तपकिरी, खाचांमध्ये तर कोऱ्या कॉफीइतका गडद, आणि एका कडेला चक्क माझा लाल गाऊन, नारिंगी होऊन! सोनं निळा प्रकाश गिळतं ना, त्यामुळे त्यात जे काही दिसतं ते पिवळसर-तांबूस होऊनच दिसतं.

मग नवीन कागद घेतला. आधी पेन्सिलनं कोपऱ्यात बाण काढला, उजेड डावीकडून वरून. जिथे झगमगाट हवा तिथे कागद कोरा सोडला, बाकी सगळीकडे यलो ऑकरचा (मातकट पिवळा) हलका हात, त्यावर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), खोलगट जागी बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अगदी शेवटी लेमन यलो घासला की सगळं एकजीव होतं. काळा अजिबात नको, नाणं मळकट दिसतं, त्यापेक्षा अंबरवर किंचित जांभळा.

खरी मारामारी अक्षरांशी. अक्षर उठावाचं, म्हणजे डावी कड उजळ, उजवीकडे खाली बारीक गडद रेघ. 'राजा'चे काने मस्त उठले आणि 'शिव'च्या वेलांटीला बोलता बोलता सावली उलट्या बाजूला दिली, तर तेवढीच वेलांटी कोरून काढल्यासारखी आत गेली, खोडरबरनं कागद फाटेपर्यंत घासावं लागलं. ठिपके मुद्दाम वेडेवाकडे ठेवले, काही तर कडेला अर्धे तुटलेले, कारण हाताने ठोकलेलं नाणं कंपासनं काढल्यासारखं कसं असेल. आणि वापरून झिजलेलं म्हणून अक्षरांचे माथे जास्त चकचकीत, खाचांत मळ.

खरा होन केवढा तर नखाएवढा, पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, आणि आमचा थाळीएवढा. भाचा लांबून बघून म्हणाला, "मावशी, आता उचलावासा वाटतोय." मी फुशारकीत चहा ठेवायला उठले तर मागून आवाज, "आणि 'छत्र पति'वाली मागची बाजू? उद्या द्यायचाय चार्ट."